आठव्या मुलाचा आठवा मुलगा

कोथरूडची अनुवादक:
टेरी प्रॅचेट यांच्या ‘ईक्वल राइट्स’ (१९८७) या विनोदी कादंबरीतील काही उतारे मी मराठीत आणत आहे. त्या जगात आठव्या मुलाचा आठवा मुलगा जन्मतःच जादूगार ठरतो. म्हणून मरणाच्या दारातला एक वृद्ध जादूगार आपली काठी लोहाराच्या नवजात बाळाच्या हवाली करतो, आणि ते बाळ मुलगी निघते. मी ‘आठव्याचा आठवा’ असे लिहिले होते. संपादकांनी ते ‘अष्टम पुत्राचा अष्टम पुत्र’ केले, तर एका मैत्रिणीने ‘आठवे अपत्य’ सुचवले. आपले मत काय?

सदाशिव पेठ:
‘अपत्य’ मुळीच नको. मुलगाच होणार हे सर्वांनी गृहीत धरले, यावर गोष्ट उभी आहे. ‘अपत्य’ म्हटले की मुलगी होण्यात आश्चर्यच उरत नाही. ‘अष्टम’ म्हटल्यावर मला तरी पत्रिकेतले मृत्युस्थान आठवते. देवकीचा आठवा कृष्ण आणि गंगेचा आठवा देवव्रत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, तेव्हा ‘आठवा’ या शब्दाला मराठीत मुळातच वजन आहे.

नारायण पेठ:
असहमत. ‘आठवा’ वाचताना ‘आठवून पाहा’ असाही अर्थ डोकावतो. शिवाय भविष्यवाणी भारदस्त भाषेत असली, तरच ती फसल्यावर हसू येते. संस्कृत शब्द दिसला की तो कृत्रिम म्हणायचा, ही अलीकडची खोड आहे.

औंध:
मराठी घरात मुलांची ओळख आकड्याने होते कुठे? थोरला, मधला, धाकटा आणि शेंडेफळ, एवढ्यावर सगळे भागते. माझी आजी थोरला म्हणजे पहिलाच, असे ठासून सांगत असे.

शनिवार पेठ:
आजींबद्दल आदर राखून सांगतो, थोरले माधवराव हे नानासाहेबांचे दुसरे पुत्र होते. पहिले विश्वासराव, जे १७६१ मध्ये पानिपतावर पडले. माधवरावांना ‘थोरले’ म्हणतात ते पुढच्या सवाई माधवरावांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून.

औंध:
तो एकाच नावाच्या दोन पुरुषांमधला भेद झाला. भावंडांत थोरला तो थोरलाच.

सातारा रस्ता:
क्रमापेक्षा मोजणी कशाची, हे आधी ठरवावे. आमच्या घराण्याच्या जुन्या वंशावळीत मुलींची नावेच लिहिलेली नाहीत. त्यामुळे माझे आजोबा कागदावर तिसरे दिसतात, आणि घरात मात्र सगळी वडीलधारी मंडळी त्यांना ‘सहावा’ म्हणत, कारण त्यांच्या आधी तीन बहिणी होत्या. लोहाराच्या घरी नुसते मुलगे मोजले की सगळी मुले, हे ‘आठव्याचा आठवा’ यातून कळत नाही. ‘पुत्र’ किंवा ‘मुलगा’ तिथे लिहिलाच पाहिजे.

नारायण पेठ:
वंशावळ नव्हे, वंशवृक्ष म्हणावे.

सातारा रस्ता:
आमच्या कागदावर ‘वंशावळ’ असेच लिहिलेले आहे, आणि तो कागद पणजोबांच्या हातचा आहे.