व्हीलचेअरवरून बागकाम: वाफे आणि वाटा कशा करून घेऊ?

रानजाई:
आईचं वय ७८. अर्धांगवायूनंतर उजवा हात चालत नाही, व्हीलचेअरवर असते. बाबांना काचबिंदू, काठीशिवाय बाहेर पडत नाहीत. घरामागे थोडी मोकळी जागा आहे. "मला नुसतं बघायला बसवू नका," असं आईने बजावलंय. गवंडी पुढच्या आठवड्यात येतोय. त्याला काय सांगू?

मातीतला:
आधी थांबवा त्याला! सासऱ्यांसाठी मी विटांचा उंच वाफा बांधून घेतला होता. दिसायला झकास, पण खालून बंद. गुडघे आत जाईनात, म्हणून खुर्ची आडवी लावून अंग पिळून खुरपायचे. पंधरा मिनिटांत कंबर धरायची. शेवटी फोडला.

वाफा टेबलासारखा हवा, खाली ७० सेंमीच्या आसपास मोकळा. तळ उतरता करा, म्हणजे पुढे १०-१२ सेंमी माती, मागे दुप्पट. पुढे पुदिना-मेथी, मागे मिरची. एकाच बाजूने हात पोचणार असेल तर ६० सेंमीहून रुंद नको. ओली माती भयंकर जड होते, तेव्हा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा) मिसळा आणि पाय भक्कम घ्या.

काठीवाला:
वाफ्याचं वर आलंच आहे, मी वाटेचं सांगतो. रुंदी किमान ९० सेंमी, खुर्ची वळवायला १५० बाय १५० ची जागा. उतार १:१२, म्हणजे १५ सेंमीच्या पायरीला १८० सेंमी लांब. खडी अजिबात नको, चाकं रुततात. चकचकीत फरशीही नको. काचबिंदूत बाजूची नजर आधी जाते, त्यामुळे बाबांना आडव्या आलेल्या फांद्या आणि लटकत्या कुंड्या दिसणार नाहीत. वाटेच्या कडेला ठळक वेगळा रंग द्या. मध्येच दोन्ही बाजूंना हात असलेलं बाकडं ठेवा, उठताना रेटा द्यायला.

रानजाई:
आत्ताच आईला जेवणाच्या टेबलाशी बसवून मोजलं. डावा हात जेमतेम ४५ सेंमी पोचतो! बरं झालं विचारलं. पाण्याचं काय?

मातीतला:
मग वाफा ४५चाच करा. पाण्याला ठिबक. पण एक छोटी झारी राहू द्या, अर्धीच भरून. सगळंच नळीने झालं तर त्यांना काम काय उरलं?

रानजाई:
झारी मिळाली. गवंड्याला नवीन माप कळवलं. आईचा निरोप: मोगरा डावीकडे.