मदत हवी आहे: रायझन ७ ७७०० की कोअर आय५ १३६००के?

नमस्कार मंडळी,

नवीन डेस्कटॉप जुळवतोय आणि गाडी प्रोसेसरवर अडली आहे. माझं काम मुख्यतः व्हिडिओ एडिटिंग, अधूनमधून ब्लेंडर या ३डी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (अंतिम चित्र किंवा व्हिडिओ तयार करणं). गेमिंग जवळपास नाहीच.

कागदावर बघितलं तर रायझनमध्ये ८ कोअर, १६ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आणि ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी). इंटेलमध्ये, म्हणजे कोअर आय५मध्ये, ६ मोठे आणि ८ छोटे असे १४ कोअर, २० थ्रेड. पण नुसते कोअर मोजून तुलना होत नाही, कारण छोट्या कोअरचा वेग वेगळा. सिनेबेंच या प्रोसेसरच्या वेगचाचणीचे आकडेही पाहिले. त्यात मल्टिकोअरला इंटेल पुढे आहे, पण तासभर चालणाऱ्या रेंडरमध्ये ती आघाडी टिकते का, हे मला कळायला हवंय. रायझनचा टीडीपी (कूलरला किती उष्णता काढावी लागेल त्याचा आकडा) ६५ वॉट, तर इंटेल टर्बोमध्ये १८१ वॉटपर्यंत जातो. साध्या एअर कूलरवर तो तापून वेग कमी करतो का? पॉवर लिमिट १२५ वॉटवर ठेवून कोणी वापरतंय का?

दुसरं म्हणजे क्विक सिंक, म्हणजे इंटेलची हार्डवेअरवर व्हिडिओ डिकोड-एनकोड करण्याची सोय. माझं बरंचसं फुटेज १० बिट ४:२:२ एचईव्हीसी (जास्त रंगमाहिती असलेला, खूप कॉम्प्रेस केलेला व्हिडिओ फॉरमॅट) असतं आणि टाइमलाइनवर ते अडखळतं. इंटेलचं इनबिल्ट ग्राफिक्स ते हार्डवेअरवर डिकोड करतं, माझ्यासाठी हा मुद्दा फार मोठा आहे. रायझनवर असं फुटेज प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) न बनवता एडिट करणारं कोणी आहे का?

रायझनला डीडीआर५ रॅम लागतेच, त्याची तयारी आहे. रायझनच्या एएम५ सॉकेटवर (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) पुढे अपग्रेड करता येईल, हेही मनात आहे.

दोन्हींपैकी एक जरी रोज वापरत असाल तर रेंडर चालू असतानाचं तापमान आणि कूलर कोणता, एवढं नक्की सांगा.