अटकेची बातमी आली, त्यानंतर काय झालं?

गावातल्या ओळखीच्या माणसाला अटक होते तो दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो. पुढचं सहसा कुणी विचारत नाही, म्हणून हा धागा. अटक झालेले तुमचे वडील असतील, सर असतील, चेअरमन असतील, नेता असेल. किंवा तक्रार करणारे तुम्हीच असाल. माणसांची नावं टाळा, बाकी मोकळेपणाने लिहा. सुरुवात मीच करतो.

मी 19 वर्षं एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. आमच्याकडच्या विकास सोसायटीच्या गटसचिवांना अपहाराच्या गुन्ह्यात अटक झाली. बातमी जपून लिहिली होती: ‘संशयित’, ‘फिर्यादीत म्हटले आहे’. सकाळी अंक हातात आला तर मथळा, ‘सोसायटी लुटणारा सचिव जेरबंद’. मथळा माझा नव्हता, पण फोटो मीच पाठवला होता. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यातला, शेजारची माणसं कापून. तोच फोटो का दिला, याचं उत्तर आजही माझ्यापाशी नाही. आठ वर्षांनी ते निर्दोष सुटले. मी 15 ओळी पाठवल्या, छापल्या 4, आतल्या पानावर बाजारभावाच्या खाली. त्यांनी ते कात्रण प्लास्टिकमध्ये घालून घेतलंय. नवीन कुणी भेटलं की खिशातून काढून दाखवतात. मलाही एकदा दाखवलं. बातमी मीच दिली होती, हे ते विसरले होते.

मुलगी, विदर्भ

बाबा सरकारी नोकरीत होते. शुक्रवारी संध्याकाळी अटक झाली. 24 तासांच्या आत कोर्टापुढे उभं केलं, आणि मंगळवारपर्यंत पोलीस कोठडी मिळाली. 48 तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिलं की सरकारी कर्मचारी निलंबित झाल्याचं मानलं जातं, हे आम्हाला तेव्हा कळलं. दोषारोपपत्राचा पत्ता नव्हता, पण पगार जाऊन निर्वाह भत्ता सुरू झाला. माझं बारावीचं वर्ष होतं. क्लासमध्ये दोघींनी बातमीचं स्टेटस ठेवलं होतं, खाली हात जोडलेली चित्रं.

पेपरवाल्यांपेक्षा मला कॉलनीचंच जास्त लागलं. आईला भिशीच्या ग्रुपमधून काढलं. कुणी काही बोललं नाही, एका सकाळी ग्रुप दिसेनासा झाला. पुढच्या महिन्यात तिचा नंबर होता. ती भाजीला दूरच्या बाजारात जायला लागली. चक्कीवाले काका मात्र तसेच राहिले. पाच-सहा बाया उभ्या असताना त्यांनी आईला नेहमीसारखंच मोठ्यानं सांगितलं, “वहिनी, दळण संध्याकाळी न्या, आत्ता गरम आहे.” ती घरी येऊन रडली. अटकेच्या दिवशी रडली नव्हती.

केस अजून चालू आहे. आज तारीख होती, म्हणून आज लिहिते आहे.

पोलीस हवालदार, निवृत्त

थोडंच लिहितो. आरोपीच्या तोंडावर कापड टाकतो ते बहुतेक वेळा ओळखपरेड बाकी असते म्हणून. साक्षीदाराने आधीच टीव्हीवर चेहरा पाहिला तर वकील कोर्टात तेवढं एकच धरून बसतो. तरी फोटोसाठी दबाव यायचा, आणि तो फक्त पत्रकारांकडून यायचा असं नाही.

ठेवीदार, उत्तर महाराष्ट्र

वार्ताहर दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं, पण मी दुसऱ्या बाजूची आहे. आमच्या पतसंस्थेच्या चेअरमनला अटक झाली त्या दिवशी निम्मी बाजारपेठ त्यांच्या माणसांनी बंद ठेवली, फलकांवर ‘राजकीय सूडबुद्धी’ लिहिलं होतं. दुसऱ्या गल्लीत विरोधकांनी फटाके लावले. ठेवीदार या गर्दीतही नव्हते आणि त्या गर्दीतही नव्हते. आम्ही शाखेच्या पायरीवर बसलो होतो. माझे 2 लाख 40 हजार अडकलेत, यांच्या ग्रॅच्युइटीतले.

पावती वटत नाही हे अटकेच्या वर्षभर आधीपासून गावाला माहीत होतं. मी पावत्या घेऊन दोन पेपरच्या कचेऱ्यांत गेले. एका ठिकाणी सांगितलं, काकू, थोडं थांबा. भिंतीवर चेअरमनच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात लावलेली होती. तहसीलसमोर आम्ही म्हातारी माणसं उपोषणाला बसलो, कॅमेरा आला नाही. अटक झाली त्या दिवशी मात्र चार आले आणि तोंडापुढे माईक धरून विचारलं, “आता कसं वाटतंय?” ‘संशयित’ लिहिताना जी काळजी घेता तशी आमची बातमी न लिहितानाही घ्यायला हवी होती. तेव्हा चार ओळी आल्या असत्या तर नंतरच्या कितीतरी जणांनी ठेवी ठेवल्या नसत्या.

ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात. मालमत्ता जप्त होते, मग कोर्टाच्या परवानगीने विक्री, मग वाटप. वर्षं जातात. पावतीवर वारसदार म्हणून यांचं नाव आहे. हे गेले. नाव बदलून मुलीचं करायला गेले तर शाखेला कुलूप.

शिरोळ तालुका

आमच्याकडे ऊसदरासाठी झालेली अटक मानाची. 2012 च्या दिवाळीत राजू शेट्टींना इंदापुरात अटक झाली. टीव्हीवर पट्टी फिरली आणि आमच्या आळीतली पोरं रस्त्यावर गेली. कलम कुठलं, हे कुणीच विचारलं नाही. आईनं कढई उतरवली, फराळ तसाच राहिला. त्या दिवसांत शेतकरी मेलेही, ते विसरता येत नाही.

पण मला भावाचं सांगायचंय. त्या गर्दीत होता म्हणून त्याच्यावरही गुन्हा. नेता सुटला तेव्हा हार, गुलाल, थेट प्रक्षेपण. भाऊ वर्षानुवर्षं तारखांना गेला, एकटाच, एसटीनं. पोलीस भरतीची तयारी करत होता. चारित्र्य पडताळणीत अडकेल म्हणून त्यानं फॉर्मच भरला नाही.

नाशिक

बातमी छापून आली की काय होतं ते वाचलं. न छापल्यावर काय होतं ते मी पाहिलंय. 1975 मध्ये, आणीबाणीत, मी नववीत होतो. वडील शिक्षक, त्यांना मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबायच्या कायद्याखाली पकडून नाशिकरोडच्या तुरुंगात ठेवलं. वृत्तपत्रांवर सेन्सॉर, एक ओळ आली नाही. तस्करांचीही धरपकड चालू होती, त्यामुळे गल्लीत कुणीतरी तेही जोडून दिलं. आम्ही काय दाखवणार? खोटं म्हणायलासुद्धा हातात छापील काही नव्हतं. 1977 मध्ये ते सुटले तेव्हा वाजतगाजत आणलं. रस्ता ओलांडून पलीकडून जाणारेही हार घेऊन आले होते. आईनं सगळ्यांना चहा दिला. कुणाला काही बोलली नाही.

शिक्षिका, कोकण

लिहू की नको, असं तीन दिवस चाललं होतं. आमच्या शाळेतल्या एका सरांना पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली अटक झाली. लोकप्रिय सर, स्पर्धा परीक्षेला मुलं बसवायचे. दुसऱ्या दिवशी पालकांचाच मोर्चा, ‘आमच्या सरांना गोवलं’ असा बॅनर. त्या मोर्चात माझे सहकारी होते. मी नव्हते, पण घरात बसून होते, ते काही वेगळं नाही.

2012 च्या त्या कायद्यानुसार मुलीची ओळख उघड होईल असं काहीही छापता येत नाही. नाव, पत्ता, शाळा, शेजार, काहीच नाही. पेपरनं नाव छापलं नाही. इयत्ता छापली, वाडीचं नाव छापलं, वडिलांचा धंदा छापला. त्या वाडीत अकरा घरं आहेत. दुपारपर्यंत पिठाच्या गिरणीवर तिचं नाव घेतलं जात होतं. पाणवठ्यावर तिच्या आईला जागा देईनात. सरांचं काय व्हायचं ते कोर्टात होईल, साक्षी चालू आहेत. मुलीच्या घरच्यांनी तेवढी वाट पाहिली नाही, जूनच्या आधी ते मुंबईला गेले.

शाळा सोडल्याचा दाखला मी भरला. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांचे स्थलांतर’ लिहिलं, आणि सहीसाठी पुढे ठेवला.