गाडीचं सीलिंग लोंबलं तेव्हा तुम्ही काय केलंत? सांगा की

अनगोळकर:
काल हिंडलग्याला लग्नाला गेलो मित्राच्या गाडीतनं. मागं बसलो तर डोक्याला काहीतरी मऊ लागलं, वर बघतोय तर सीलिंगचं कापड पोट सुटल्यागत खाली आलेलं, काच उघडली की फडफडतंय. मित्र बिचारा सॉरी सॉरी म्हणत होता, खरं मला एकदम आमच्या बाबांची गाडी आठवली.

२०११ चा मे महिना. बेळगावहून चोर्ला घाटातनं पणजीला निघालेलो, जांबोटी सोडल्यावर कापड मागच्या बाजूनं सुटलं आणि बाबांना आरशात मागचं काहीच दिसेना. मग आईनं छत्रीच्या दांड्यानं ते कापड वर धरलं, कणकुंबीपासून साखळीपर्यंत. हात बदलत बदलत. मधे एकदा मी धरतो म्हणालो तर म्हणाली तू झोप, तुला घाट लागतोय.

परत आल्यावर बाबांनी आधी इंजेक्शनच्या सुईनं कापडातनं गम सोडला. पावसाळा संपायच्या आत परत खाली. तेव्हा शहापुरातल्या एका कुशनवाल्याला दाखवलं, त्यानं बोटानं कापड जरा दाबलं आणि म्हणाला, "फोम सत्त होगैत्री सर." म्हणजे फोमच मेलाय. कापडाच्या पाठीला जो पातळ फोम असतो तो उन्हानं आणि दमटपणानं कुजून त्याची भुकटी होते, गम त्या भुकटीला चिकटतो, कापडाच्या वर छताला जो पुठ्ठा असतो त्याला नाही. मग कितीही गम ओता.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी अख्खा पुठ्ठा बाहेर काढला. सनवायझर, लाईट, हँडल, खांबांची कव्हरं सगळं सोडवून, सीट आडव्या करून, डिकीतनं. अंगणात दोन खुर्च्यांवर ठेवला आणि कपडे घासायच्या ब्रशनं जुना फोम झाडला. दोन तास तेच काम. बाबांच्या भुवया पिवळ्या झालेल्या. मग स्प्रे मारला, आणि बाबांनी जरा घाई केली, ओला असतानाच तळहातानं दाबलं. गम कापडातनं वर आला. ड्रायव्हर सीटच्या बरोबर वर पाच बोटांचा डाग बसला तो बसलाच.

बाबा २०१८ ला गेले. गाडी मी विकली नाही. सिग्नलला थांबलो की नजर वर जातेच.

तुमच्यात कुणी केलंय हे काम? लिहा, कसंही लिहा.

निपाणीचा पोरगा:
ती पिवळी भुकटी!! आमच्यात तर वखारीत तंबाखू चाळल्यागत झालेलं, भाऊ शिंकतोय मी शिंकतोय, आजी आतनं ओरडतीया आधी तोंडाला फडकं बांधा. खरंच बांधा, डोळ्यात गेलं तर लई चुरचुरतंय.

खानापूरची अक्का:
आईचं छत्री धरून बसणं वाचलं आणि हातातली भाजी तशीच राहिली. मी पण असंच धरून बसलो होतो, धाकटं मांडीवर, एका हातानं ते आणि एका हातानं कापड, नंदगडपासून बेळगावपर्यंत दवाखान्याला. नंतर ह्यांनी त्या स्क्रूसारख्या फिरवायच्या पिना लावल्या, वीसेक असतील, छान दिसायचं खरं सांगतो, गादीला टाके घातल्यागत. दोन वर्षं चाललं. एक पिन कुठं पडली ते सापडेना म्हणून मग मीच सगळ्या काढायला लावलो, पोर रांगत होतं. कुकर झाला, येतो परत.

पुण्यात अडकलेला:
अक्का तुमचं "मी बसलो होतो" वाचून गळा दाटला. आमची आई, मावशी, आत्या सगळ्या असंच बोलतात, मी गेलो मी आलो. इथं ऑफिसात मी सांगितलं तर कुणाला खरंच वाटत नाही. सीलिंगचं काही माहीत नाही मला, नुसतं वाचतोय.

खानापूरची अक्का:
@पुण्यात अडकलेला गावाकडं येऊन जा रे बाळा. जेवायलाच ये.

उद्यमबागवाला:
मी बरीच वर्षं कुशनकाम करतोय म्हणून जरा मोठं लिहितो, जेवणाच्या सुट्टीत आहे.

एक म्हणजे सुताराचा पांढरा गम वापरू नका, तो पाण्याचा असतो, कापड भिजून डाग पडतो आणि उन्हात टिकत नाही. स्प्रेचा कॅन घेताना किती गरमी सोसतो ते वाचून घ्या. एप्रिल-मे मधे बंद गाडीत छत लई तापतं, वर पत्रा आणि खाली हा पुठ्ठा. क्राफ्टचा साधा स्प्रे त्या गरमीनं मऊ पडला की कापड आपल्या वजनानं सुटतं, मग लोक म्हणतात स्प्रेनं होतच नाही. होतंय, खरं बरोबरचा पाहिजे. आम्ही बऱ्याचदा रबर सोल्युशन म्हणजे रबराचा गमच स्प्रे गननं मारतो.

दुसरं, फोम लावलेलंच कापड घ्या. नुसतं पातळ कापड लावलं तर पुठ्ठ्याचा प्रत्येक खड्डा दिसतो. लहान गाडीला दोन मीटर पुरतं, चारी बाजूंनी चार बोटं जास्त सोडायचं.

आता मारायचं कसं. पुठ्ठ्यावर कापड आधी कोरडंच पसरून बघा, मग अर्धं मागं दुमडा. पुठ्ठ्याला आणि फोमला, दोन्हीकडं मारायचं, एक वीत लांबून, एकदा आडवं एकदा उभं. मग थांबायचं. इथंच सगळे घाई करतात. बोट लावून बघा, चिकट लागलं पाहिजे खरं बोटाला तार येता कामा नये. मग मधनं कडेला हातानं सारत जायचं, दाबायचं नाही, सारायचं. लाईटच्या खळग्यात आधी कापड बसवा मग पुढं जा, नाहीतर तिथंच ताण येऊन पहिल्यांदा सुटतंय. अर्धं झालं की दुसरं अर्धं. लाईटचं भोक शेवटी कापा.

अनगोळकर, तुमच्या बाबांचा डाग त्या घाईचाच. खरं तो काढू नका.

अनगोळकर:
@उद्यमबागवाला नाही काढणार. मी हे असं समजून केव्हाच घेतलं नव्हतं, थांबायचं असतं हे आज कळलं. आणि हो, आम्ही नेमकं लाईटपाशीच पहिल्यांदा सुटलेलं बघितलं होतं, २०१६ ला.

टिळकवाडी ३७२:
नवीन गाड्यांना कडेनं पडद्यासारख्या एअरबॅग असतात छताच्या कडेला आणि खांबात. त्या गाडीचं सीलिंग घरी काढू नका, काढायचंच असेल तर बॅटरीची वायर सोडून थोडा वेळ थांबून माहितगाराकडूनच. माझ्या मेव्हण्यानं स्क्रूड्रायव्हर घालून खांबाचं कव्हर उचकटलं होतं, आत एअरबॅगची पिवळी वायर दिसली आणि आम्ही तिथंच थांबलो. देवाची कृपा.

चिकोडीचा मास्तर:
आमच्या वडिलांची अँबॅसिडर होती, तिला हे दुखणंच नाही. तिच्या छताला आडव्या तारा असायच्या आणि रेक्झिन शिवून त्या तारांवर ताणलेलं, तंबूसारखं. गम नाही फोम नाही. २०१४ ला कंपनीनं अँबॅसिडर बनवायचं बंद केलं तेव्हा वडील दोन दिवस गप्प होते. मी लहानपणी पाठीवर पडून त्या तारा मोजायचो, चिकोडी ते संकेश्वर.

निपाणीचा पोरगा:
मास्तर गाडी आहे का अजून? बघायला येतो.

चिकोडीचा मास्तर:
आहे. ये की. चहा पिऊन जा.

वडगावची सुनबाई:
आमचं वाईट झालं म्हणून सांगते. एका दुकानात दिलं, नाव नको. त्यांनी जुना फोम काढलाच नाही, वरच नवीन कापड मारलं आणि पैसे पूर्ण घेतले. खंडेनवमीला गाडी धुतली, हार घातला, लिंबू ठेवला, दार लावलं धाडकन आणि सगळं कापड सासऱ्यांच्या डोक्यावर. त्यांनी काही बोलले नाही, नुसतं टोपी काढून झटकली. मला रडू आलं कारण ते पैसे मी शिवणाचे साठवलेले होते. परत गेलो तर ओळख दाखवेनात. तेव्हापासून मी सांगते, पुठ्ठा बाहेर काढून झाडलेला डोळ्यानं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

खानापूरची अक्का:
अगं बाई. शिवणाचे पैसे म्हणजे रात्री जागून केलेले. लई वाईट वाटलं वाचून.

जांबोटीकर:
आमच्याकडं पावसात हे काम करूच नये. एकदा आषाढात केलं, गोठ्याच्या पडवीत, हवेतलं पाणी गमावर बसून पांढरी साय आल्यासारखं झालं, चिकटलंच नाही. आता वळीव चालू आहेत तोवर कोरडा दिवस बघून उरकून घ्या, मिरग लागला की गेलं दिवाळीवर. आणि आधी गळती बघा! आमच्या गाडीत अँटेनाखालचं रबर गेलेलं, पाणी तिथनं झिरपून कापड सुटत होतं, आम्ही तीनदा गम लावला आणि रबर एकदाही बघितलं नाही.

टिळकवाडी ३७२:
जांबोटीला पाऊस चालू झाला का? रविवारी पोरांना घेऊन यायचा विचार होता.

जांबोटीकर:
संध्याकाळी वळीव येतोय रोज. सकाळी या. जांभळं आहेत.

कॅम्पातली:
एक महत्त्वाचं. स्प्रे मारताना दारं उघडी ठेवा, जवळ काही पेटतं नको. नवीन सीलिंग बसलं म्हणून आमच्या आईनं प्रेमानं उदबत्ती ओवाळायला आणली, दादा धावत जाऊन हातातली काढून घेतला. वास जाईपर्यंत म्हणजे दुसऱ्या दिवशी ओवाळली. आई आधी रुसली होती, मग दादानं कॅनवरचं ज्वाळेचं चित्र दाखवलं तेव्हा त्याच्या डोक्यावरनं हात फिरवली.

पुण्यात अडकलेला:
गाडीवरून आठवलं, शनिवारी येतोय बेळगावला. कुंदा कुठनं घेऊ, बसस्टँडजवळ की गावात?

वडगावची सुनबाई:
गावातनंच घ्या, गरम असेल तो. आणि मांडे मिळाले तर तेही, घरी विचारून ठेवा म्हणजे डबल नको.

अनगोळकर:
सगळ्यांचं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. छत्रीचं ऐकून म्हणाली ती छत्री अजून माळ्यावर आहे, दांडा वाकलाय.

रविवारी मित्राची गाडी आमच्या अंगणात घेतोय. अँटेनाचं रबर आधी बघितलं, बरं आहे. कापड गणपत गल्लीतनं आणलं, राखाडी, फोमवालं, सव्वादोन मीटर. जुन्याशी एकदम मॅच नाही खरं चालतंय. मित्राची मुलगी सात वर्षांची आहे, ब्रश मारायचं काम मी करणार म्हणून आत्ताच हटून बसलीय, तिच्यासाठी फडकं धुवून ठेवलंय.

उद्यमबागवाला:
किती वाजता? दहाच्या पुढं असेल तर मी येतो, घरनं जवळच आहे.

अनगोळकर:
नऊला पुठ्ठा काढायला घेतोय. या की, नाश्त्यालाच या.