चार दिवसांत विजापूर, बदामी, हंपी आणि वर कोल्हापूर? (विनूच्या प्लॅनला उत्तर)

नौपाडेकर
विनूने परवा दिवाळीच्या सुट्टीचा प्लॅन टाकला आणि त्याला धडाधड अंगठे पडले. गुरुवारी रात्री नेरुळहून मिनीबस, शुक्रवारी विजापूर करून बदामी, शनिवारी पट्टदकल-ऐहोळे करून रात्री होस्पेट, रविवारी हंपी, सोमवारी कोल्हापूरला अंबाबाई आणि घर. एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण खाली लिहिलंय, "देवळं शेवटी सगळी सारखीच, एक नीट बघितलं की बाकीची पाऊण तासात होतात."

पट्टदकलच्या आवारात उभं राहून ज्याला असं वाटतं त्याने बसमध्येच झोपावं. एकाच आवारात उत्तरेच्या घडणीची शिखरं आणि दक्षिणेची विमानं (म्हणजे तिकडची शिखरं) शेजारीशेजारी उभी आहेत, म्हणून तर लोक तिथे जातात. तिथलं विरूपाक्षाचं देऊळ लोकमहादेवी राणीने बांधवलं, नवऱ्याने, म्हणजे चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याने, कांचीच्या पल्लवांवर विजय मिळवला म्हणून. वेरूळच्या कैलासाचं नातं अभ्यासक या देवळाशी जोडतात. ऐहोळ्याच्या दुर्ग मंदिराची मागची बाजू अर्धगोल आहे, आणि लाडखान मंदिराच्या छपरावर दगडाच्या पट्ट्या लाकडी वाशांसारख्या बसवल्यात. ही देवळं सारखी? कुठल्या बाजूने?

माझं म्हणणं एवढंच: मुक्काम बदामीला ठोका, हंपी पुढच्या वर्षी करा. मुंबईहून होस्पेटला जाणारी रेल्वे कल्याणला थांबते आणि बदामीवरून जाते. तिथून पट्टदकल वीस-बावीस किलोमीटर, ऐहोळे आणखी पुढे. उरलेल्या वेळात गुळेदगुड्डला जाऊन खणाचे माग बघा, बनशंकरीला जा, संध्याकाळी अगस्त्य तळ्याच्या पायऱ्यांवर बसा. समोर भूतनाथाच्या देवळांवर मावळतीचं ऊन येतं, खाली बायका कपडे आपटत असतात आणि तो आवाज कड्यावर आदळून परत येतो. हे पाऊण तासात होत नाही.

आणि शुक्रवारी बदामीत पोचताय ना? पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

खारघरचा_विनू
काका, तुमचं सगळं पटलं असतं, फक्त तुम्ही रिटायर्ड नसतात तर. आम्हाला दिवाळीला जोडून जेमतेम सुट्टी मिळते, तीही बॉसच्या उपकारावर. "पुढच्या वर्षी हंपी" म्हणणं सोपं आहे. माझे बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे बोलायला लागलेत. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचाय. बदामीच्या लेण्यांच्या पायऱ्या त्यांना नाही जमल्या तरी चालेल, ते खाली चहा पितील. पण हंपी झालं पाहिजे. तळ्याकाठी बसून ऊन बघायला आमच्या सोसायटीची गच्ची आहे.

पाचपाखाडी_पक्या
विनूला अनुमोदन. आणि विजापूर का वगळायचं? गोलघुमटाच्या सज्जात चढून मुलांनी एकदा हाक मारली की ती सात जन्म विसरत नाहीत. माझा मुलगा इतिहासात काठावर पास, पण त्या घुमटाखाली पुरलेला मुहम्मद आदिलशाह १६५६ मध्ये वारला हे त्याला पाठ आहे. का? वर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला म्हणून.

नौपाडेकर
@पाचपाखाडी_पक्या तुमच्यासारख्यांमुळेच तिथे प्रतिध्वनी ऐकू येत नाही. शंभर माणसं एकदम किंचाळत असतात.

सौ_घंटाळी
मला देवळांतलं कळत नाही, जेवणातलं कळतं. विनू, बसबरोबर आचारी घे. आम्ही गेल्या हिवाळ्यात एका टूरबरोबर याच बाजूला गेलो होतो. त्यांनी "स्थानिक चव" म्हणून दोन दिवस जे खाऊ घातलं त्याने आमच्या ह्यांचं पोट बिघडलं आणि हंपीचं विठ्ठल मंदिर आम्ही औषधाच्या दुकानातून पाहिलं. ते तिखट, तेल, सगळीकडे कच्चा कांदा! आपलं वरण-भात, पिठलं, एक कोशिंबीर मिळाली की माणूस दहा देवळं चढतो.

ऐरोलीची_मेधा
आलं! मी वाटच बघत होते पिठल्याची. काकू, रागावू नका, पण काश्मीरला पिठलं, केरळला पिठलं, उद्या चंद्रावर गेलात तरी आधी विचाराल, "पिठलं आहे ना?" आमच्या बसमध्ये एक कुटुंब पूर्ण वेळ घरचे थेपले खात होतं. बदामीच्या पायऱ्यांवर पिशवी उघडली आणि माकडाने पिशवीसकट नेली. मला मनापासून आनंद झाला.

सौ_घंटाळी
@ऐरोलीची_मेधा लोकांचं अन्न गेलं त्याचा आनंद होतो? छान संस्कार. माझ्या सासूबाईंना मधुमेह होता, वेळेवर साधं जेवण लागायचं. त्यांना काय सांगायचं होतं मी, "आई, संस्कृती अनुभवा, इन्सुलिन नंतर बघू"? आणि आम्ही कांदा-लसूण नव्हतो खात चातुर्मासात. ते तुमच्या पिढीला कळणार नाही.

ऐरोलीची_मेधा
मधुमेह्याला ज्वारीच्या भाकरीपेक्षा साखरभात बरा का? ज्वारी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, दही. हे तुम्ही सोलापूरला आनंदाने खाल्लं असतंत. जरा पुढे गेलं की तेच परकं होतं?

पाचपाखाडी_पक्या
मेधाताई, वय बघून बोला जरा.

ऐरोलीची_मेधा
पक्याशेठ, वय माझंही कमी नाही. विषय अन्नाचा आहे.

जुना_ठाणेकर
तुमचं खाणं चालू द्या. मी एकच विचारतो. इथल्या किती जणांनी अंबरनाथचं शिवमंदिर आतून बघितलंय? शिलाहारांच्या काळातलं, इसवी सन १०६० चा शिलालेख आहे त्याच्यावर. ठाण्याहून लोकलने पाऊण तास. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघायला गेलात तर शेजारच्या वालधुनीचा वास नाकात बसतो. त्याबद्दल कोणी बोलत नाही. परगावचे दगड बघायला मिनीबस करतात आणि स्वतःच्या अंगणातल्या देवळामागून गटार वाहतंय. दर निवडणुकीला

जुना_ठाणेकर
(वरचं अर्धवट गेलं.) दर निवडणुकीला नदीचं शुद्धीकरण होतं, कागदावर. असो.

खारघरचा_विनू
काका, अंबरनाथ बघितलंय. पण दिवाळीच्या सुट्टीला बायकोला अंबरनाथला नेलं तर घरी कोण परत घेईल?

कळवा_इतिहास
महत्त्वाचा मुद्दा कोणीच मांडत नाहीये. "कर्नाटकची सहल" म्हणताय, पण ऐहोळ्याच्या मेगुटी मंदिरावर रविकीर्ती कवीचा ६३४ चा शिलालेख आहे, त्यात चालुक्य राजा पुलकेशी ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तो आपलाच राजा. आपण आपल्याच घरी चाललोय, परप्रांतात नाही.

गुळेदगुड्डची_लेक
"आपल्याच घरी" चाललात तर निदान बेल वाजवा.

मी गुळेदगुड्डची, लग्न करून कोपरीत आले. सकाळपासून वाचतेय. कळवा_इतिहास, महाराष्ट्रकांचा स्वामी झाला म्हणजे आधीपासून तिथला नव्हता, एवढं तर त्याच ओळीत आहे ना? राजधानी वातापीत होती, म्हणजे बदामीत, आमच्या जुन्या तालुक्याच्या गावाला. राजा तुमचा की आमचा हे भांडण तुम्ही चालवा, मला दुसरं बोलायचंय.

नौपाडेकर काका, तुम्ही लिहिलंत, "खणाचे माग बघा." माग म्हणजे प्रदर्शन नाही हो. माग घरात असतो. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसलेला, शेजारी चूल, मागे पोरांची दप्तरं. चार माणसं मोबाईल काढून आत घुसली की त्याचं काम थांबतं. माझ्या मामाकडे अशीच एक मंडळी आली, तासभर व्हिडिओ काढला, "किती ऑथेंटिक" म्हणाली आणि एक खण न घेता गेली. मामीने चहाही केला होता. पक्याशेठ निदान घुमटात ओरडतात, तिथे कोणाचं घर नसतं.

आणि घ्यायचाच असेल तर बघून घ्या. यंत्रमागाचा खण हातमागाचा म्हणून बिनदिक्कत विकतात, आमच्या गावातही आणि तुमच्या नौपाड्यातही. इरकलीचंही तेच. खऱ्या इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा असतो, अंगाच्या सुतात फास घालून जोडलेला. नुसतं दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका, तो जोड उलटून बघा.

नौपाडेकर
ताई, मी घरात घुसा असं लिहिलं नव्हतं. पण ठीक आहे, ओळखीशिवाय जाऊ नये हे बरोबर. मात्र एक सांगतो, बघायला येणारा माणूसच उद्या गिऱ्हाईक होतो. कोणी फिरकलंच नाही तर तो माग उद्या भंगारात जाईल.

गुळेदगुड्डची_लेक
जातोच आहे काका. फिरकूनही जातोय. पण हे तुम्ही पैसे देऊन म्हणालात तर मी मान्य करते.

ऐरोलीची_मेधा
ताई, जेवणाचं सांगा ना, म्हणजे हा वाद मिटेल.

गुळेदगुड्डची_लेक
तो मिटणार नाही. तरी सांगते. बनशंकरीच्या देवळाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसतात. पापडासारखी कडक भाकरी, एणगाई म्हणजे तुमचं भरलं वांगंच, शेंगाचटणी, गाडग्यातलं दही. झाडाखाली बसून खायचं. घंटाळीच्या काकूंनी तिखट नको म्हटलं तर त्या दही वाढवून देतील, कोणी जबरदस्ती करत नाही. आणि काकूंच्या यजमानांचं पोट आमच्या बाजूच्या भाकरीने बिघडलं नसणार. हायवेवरच्या हॉटेलातल्या पनीरने बिघडलं असणार. टूरवाले "स्थानिक चव" म्हणून काय खपवतात ते मला माहितीय.

सौ_घंटाळी
पनीर होतं खरं. पण रस्सा तिखटच होता.

आणि बनशंकरी आमची कुलदेवता, मला टोपल्या शिकवू नका. पौषात जत्रेला माझे सासरे दरवर्षी जायचे. ते तिथली भाकरी खायचे, पण वरण डब्यात न्यायचे.

जुना_ठाणेकर
बाईमाणसांच्या स्वच्छतागृहाबद्दल कोणी बोलणार का? ऐहोळ्यात माझ्या मुलीला जो त्रास झाला तो इतिहासात यायला हवा. ह्या "वारसा" वगैरे शब्दांच्या आधी एक नळ आणि एक कडी असलेलं दार द्या.

ऐरोलीची_मेधा
काका, आज पहिल्यांदा तुमच्याशी शंभर टक्के सहमत. सकाळी बदामीतून निघायच्या आधीच सगळ्यांनी जाऊन यायचं, हा माझा नियम आहे. प्लॅनमध्ये हे कोणी लिहीत नाही, कारण प्लॅन पुरुष करतात.

कळवा_इतिहास
विठ्ठलाचं कोणी बोललं नाही अजून. कृष्णदेवरायाने पंढरपूरहून विठोबाची मूर्ती नेली आणि एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, ती परत आणली अशी आपली परंपरा सांगते. हंपीच्या विठ्ठल मंदिराचा गाभारा आजही रिकामा आहे. मराठी माणसाने हंपीला जायचं ते यासाठी. म्हणून हंपी कापू नये. या एका बाबतीत मी विनूबरोबर.

नौपाडेकर
कथा आहे ती. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईनंतर शहर लुटलं गेलं, तेव्हा अनेक गाभारे रिकामे झाले. पण तुम्हाला भानुदास हवेत तर भानुदास घ्या. बाबांना रथ बघायचाय म्हटल्यावर मी तरी हंपी काप असं कुठल्या तोंडाने म्हणू? मग दुसरं काहीतरी कापा. सोमवारी होस्पेटहून कोल्हापूर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस बसमध्ये. अंबाबाई वर्षभर तिथेच आहे.

पाचपाखाडी_पक्या
आणि विजापूर?

खारघरचा_विनू
पक्या, बस कर. ठरलंय. कोल्हापूर कापलं, विजापूरही कापलं, तू पोराला घेऊन स्वतंत्र जा. बुधवारी रात्री कल्याणहून रेल्वे, मिनीबसचा ॲडव्हान्स बुडाला तर तो नौपाडेकर काकांच्या नावावर. गुरुवारी बदामी, तेव्हा संग्रहालय उघडं. शुक्रवारी पट्टदकल आणि ऐहोळे, बाबा सावलीत बसतील. शनिवारी सकाळी बनशंकरी, टोपलीवाल्या बायकांकडे जेवण, संध्याकाळपर्यंत होस्पेट. रविवार अख्खा हंपीला, परतीची गाडी रात्री. गुळेदगुड्डला जायचं की नाही ते ताई सांगतील, त्यांच्या ओळखीने आणि खण विकत घेऊन. बायकोने आत्ताच दोन रंग सांगितलेत. आचारी नाही. ज्यांना पिठलं हवंय त्यांनी डबा आणावा आणि माकडांपासून आपला आपण सांभाळावा.

सौ_घंटाळी
आणणारच आहे. स्टीलचा, कडीचा.