शब्दचर्चा : नाताळला पहिल्यांदा चर्चमध्ये येणाऱ्याला काय म्हणावं?

प्रश्न (जालना)
सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत यंदा नाताळाच्या पाटीचा मजकूर माझ्याकडे आहे. २५ डिसेंबरला बाहेरचीही बरीच माणसं येतात : शेजारी, पोरांचे वर्गमित्र, रोषणाई बघायला थांबलेली कुटुंबं. मी लिहिलंय, 'नवागतांचे मंडळीत हार्दिक स्वागत. मुख्य भक्ती सकाळी ९ वाजता.' 'नवागत' बरा की 'अभ्यागत'? की सरळ 'पाहुणे'?

उत्तर (नांदेड)
मी मराठी शिकवतो. 'नवागत' चुकीचा नाही, पण आपल्याकडे तो ऐकला की जूनमधला शाळेचा प्रवेशोत्सव आठवतो. पहिलीच्या पोरांना फुगे देतात ते नवागत. म्हणजे आता नाव दाखल झालं, असा त्याचा सूर. नुसतं डोकावायला आलेल्या माणसाला तो जड जाईल.

'अभ्यागत' जुना आणि सुंदर शब्द, 'अतिथी-अभ्यागत' या जोडीतला. पण तहसील कचेरीतल्या 'अभ्यागतांनी नोंद करावी' या पाटीने त्याला पार कोरडा करून टाकलाय. 'आगंतुक' तर नकोच. त्याचा मूळ अर्थ 'येणारा' एवढाच, आज मात्र न बोलावता टपकलेला असा ऐकू येतो.

राहिला 'पाहुणा'. संस्कृत प्राघूर्णक, त्यावरून प्राकृत पाहुण, आणि आपला पाहुणा. मराठवाड्यात या शब्दाची माया वेगळीच. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही आपण 'काय पाव्हणं, कोणतं गाव?' असंच विचारतो. एकच अडचण, पाहुणा परत जाणारा असतो. ज्याला पुढच्या रविवारीही यावंसं वाटेल, त्याला आपण कायम पाहुणाच ठेवायचं का? म्हणून पाटीवर नामच नको, क्रियापद घाला : 'पहिल्यांदाच येताय? या, बसा.'

उत्तर (उदगीर)
पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या घरात वाढले, त्यामुळे आमचे शब्द बाहेर कसे ऐकू येतात ते लहानपणापासून पाहिलंय. 'मंडळी' घ्या. आपल्याला त्यात अख्खा विश्वासी समाज दिसतो. बाकी मराठी माणसाला 'मंडळी' म्हणजे जमलेले लोक, नाहीतर कुणाची तरी बायको. 'मंडळीत स्वागत' वाचून नक्की कुठे यायचं ते त्याला कळत नाही. तिथे 'चर्चमध्ये' लिहा.

'भक्ती'चंही तेच. हा पैठण आणि नर्सी नामदेवचा मुलूख. इथे भक्ती ही मनात जन्मभर बाळगायची गोष्ट, तिची ९ वाजताची वेळ कशी असेल? उपासना संपली की आपण म्हणतो 'भक्ती सुटली', तेव्हा बाहेरचा माणूस दचकतो. 'प्रार्थना' लिहिलं की पुरे. आपल्यात भक्ती म्हणत राहूच, तो शब्द मला प्रिय आहे.

नाताळापेक्षा मला गुड फ्रायडेची काळजी जास्त वाटते. मराठीत त्याला शुभ शुक्रवार किंवा उत्तम शुक्रवार म्हणतात. इंग्रजीतला हा 'गुड' जुन्या अर्थाचा आहे, पवित्र या अर्थाचा. आपल्याकडे 'शुभ' आलं की मागोमाग शुभेच्छा येतात. भली माणसं प्रेमाने फोन करून 'हार्दिक शुभेच्छा' देतात, आणि घरात तर वधस्तंभाची, येशूला क्रुसावर मारलं त्याची आठवण चाललेली असते. दोष त्यांचा नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्या दिवसाच्या पाटीवर स्पष्ट लिहावं : 'येशूच्या मरणाचे स्मरण, दुपारी १२ ते ३.' वेळेचं कारणही सांगावं. त्या वेळात देशभर अंधार पडला होता, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे.

तसंच ईस्टरच्या पाटीवरचं 'पुनरुत्थान'. शब्द अर्थपूर्ण आहे, पण जोडाक्षरं अडखळवणारी. खाली बारीक अक्षरात 'येशू पुन्हा जिवंत झाला तो दिवस' हवं. आणि तारीख दरवर्षी छापायलाच हवी. नाताळ ठरलेला असतो, ईस्टर चंद्रावर चालतो : २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च. हिंदू शेजाऱ्याला तिथीचं गणित लगेच पटतं, तेवढ्यावरून गप्पा सुरू होतात.

उत्तर (परभणी)
मी ख्रिस्ती नाही, मित्रासोबत नाताळला गेलो होतो. 'हार्दिक स्वागत' वाचून बरं वाटलं, पण मला हवं होतं ते दुसरंच. चपला बाहेर काढायच्या का? बायको शेजारी बसली तर चालेल का? सगळे उठले की मीही उठायचं का? थैली फिरली तेव्हा सगळ्यात जास्त अवघडलो. 'अर्पण' हा शब्द कळला, पण न टाकणं हा अपमान होईल का ते कळेना. एवढं कुणीतरी दारातच सांगावं.

उत्तर (उदगीर)
फार मोलाचं सांगितलंत. प्रभुभोजनाचंही तसंच, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. बहुतेक चर्चमध्ये ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, काही ठिकाणी दृढीकरणही, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधीही लागतो. आपल्याकडे भाकरीला नाही म्हणणं अवघड, म्हणून नवखा माणूस रांगेत उठून जातो आणि पुढे त्याची आणि पाळकांचीही पंचाईत होते. आधीच गोडीने सांगावं, 'या वेळी जागेवर बसून राहिलात तरी चालेल.' नंतरचं जेवण मात्र सगळ्यांचं, तेही त्याच वाक्यात सांगावं.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
पत्रिकेत 'आग्रहाचे निमंत्रण' घालणार असाल तर थोडं थांबा. पाणिनीच्या एका सूत्रात निमंत्रण आणि आमंत्रण शेजारी शेजारी आहेत, आणि टीकाकार त्यांत फरक करतात. निमंत्रण म्हणजे यायलाच हवं असं बोलावणं, उदाहरणार्थ श्राद्धाच्या जेवणाला नातवाला. आमंत्रण म्हणजे इच्छा असेल तर या. आजच्या मराठीत हा फरक पुसला गेलाय, तरी चर्चच्या पत्रिकेवर मी 'आमंत्रण'च छापेन. आपल्या दारी येणाऱ्यावर कसलाही भार नको, आणि त्याच्या घरच्यांच्या मनात शंकाही नको. 'नाताळ' मात्र तसाच ठेवा. मूळ पोर्तुगीज, पण आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 'ख्रिस्तजन्मोत्सव' लागतो.

प्रश्नकर्ता (जालना)
सगळ्यांचे आभार. मजकूर आता असा :

'नाताळ. सकाळी ९ वाजता चर्चमध्ये प्रार्थना व गाणी, साधारण दीड तास. सर्वांना आमंत्रण. पहिल्यांदाच येताय? या, कुठेही बसा. अर्पण ऐच्छिक आहे. नंतर सगळ्यांनी जेवूनच जायचं.'

चपलांचं दारातली पोरं सांगतील. गुड फ्रायडेची पाटी मार्चमध्ये इथेच टाकेन, तेव्हाही बघा.