वित्त आयोगाचा 60 टक्के बंधित निधी : गावाची सोय की अडवणूक?

माणदेशी
चौदाव्या वित्त आयोगात, म्हणजे 2015 ते 2020, केंद्राकडून गावांसाठी येणारा सगळा निधी थेट ग्रामपंचायतीला मिळायचा. पंधराव्यात, म्हणजे 2020 ते 2026, 80 टक्के आला, बाकीचे दहा-दहा टक्के पंचायत समिती आणि झेडपीला. तेही चाललं असतं. पण 2021-22 पासून त्यातला 60 टक्के बंधित केला, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच वापरायचा : निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. आमच्या गावात टाकी झाली, लाइन झाली. अडलंय ते ओढ्यापलीकडच्या वस्तीचं. ओढा चढला की पोरं घरीच. फरशी पूल करायचा तर उरलेल्या 40 टक्क्यांतून. त्यात 2021 मध्ये राज्यानं स्ट्रीटलाइटची बिलंही वित्त आयोगातूनच भरायला सांगितलं! गरज काय ते दिल्लीत ठरणार असेल, तर 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा आमच्याकडून कशाला करून घेता?

चौकस
बंधन घातलं ते बरंच झालं. मोकळीक होती तेव्हा काय झालं? पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट. आमच्या गल्लीत गटार न काढताच सिमेंटचा रस्ता ओतला, तोही उंबऱ्याच्या वर. आता पहिल्याच पावसात पाणी माजघरात.

माणदेशी
मग त्या सरपंचाला धरा. त्याच्यापायी सगळ्या गावांचे हात का बांधायचे?

निवृत्त विस्तार अधिकारी
बंधितमध्ये बंदिस्त गटार, शोषखड्डे, घनकचरा, पावसाचं पाणी साठवणं असं बरंच बसतं, लोक आराखड्यात नीट मांडत नाहीत एवढंच. पूल मात्र बसत नाही, हे मान्य. पण खरी मेख पुढेच आहे. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. मी स्वतः पाहिलंय : दोघांचे डोंगल (डिजिटल सहीचे पेनड्राइव्हसारखे) तालुक्याला एका ऑपरेटरच्या खणात, पासवर्ड वर चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला. निधी बंधित की अबंधित हे भांडत बसा, सह्या तिसराच करतोय.

रानवारा
माणदेशी, घरपट्टीची वसुली किती तेही लिहा की. नमुना 8 ला, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, आरसीसी बंगला अजून पत्र्याचं घर म्हणून दिसतो, कारण भावकीची मतं. स्वतःचा कर बुडवायचा आणि केंद्राच्या नावानं खडे फोडायचे.

माणदेशी
शंभर टक्के वसुली धरली तरी दुष्काळी गावात त्यातून नळयोजनेचं वीजबिल आणि शिपायाचा पगार भागत नाही. पूल कुठून करू?

पंचायत सदस्या
मी बंधनाच्या बाजूची. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथं बायका दरवर्षी गटार आणि शौचालयाच्या दुरुस्तीचं मांडतात. ग्रामसभेत पुढं बसलेले पुरुष कमान आणि सभामंडप मंजूर करून घेतात. बंधित निधी आला तेव्हा कुठं आमच्या आळीतलं गटार झाकलं गेलं. 'गावानं ठरवावं' म्हणता, त्या गावात आम्ही आहोत का?

माणदेशी
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण झेडपीचं बघा. 2022 नंतर वर्षानुवर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत, आणि लोकनियुक्त मंडळ नाही म्हणून त्यांच्या वाट्याचे हप्ते अडले. निवडणूक लांबली ती कोर्टकचेरीत, पैसे गेले गावांचे.

चौकस
पाच वर्षांत निवडणूक घ्या असं घटनेतच आहे. प्रशासकाच्या हाती कोट्यवधी द्यायचे का मग?

माणदेशी
आमच्यापुरतं बोला. 60चं 30 करा, बाकीचा हिशेब ग्रामसभेत आम्ही देतो. ताईंनाही.